पद्मिनीचा रॉकर शाफ्ट घरी करताना: धातूच्या शोधाच्या नोंदी

गाडी वडिलांची. कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. सांगलीत विश्रामबागेत पत्र्याच्या शेडखाली उभी असते. मी आयटीआयचा फिटर, पण गेली पंधरा वर्षं टेबलावरची नोकरी, त्यामुळे तासभर कानस चालवली की तळहाताला फोड. लेथ माझा नाही. कुपवाड एमआयडीसीत ओळखीचे एक मामा आहेत, त्यांच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी काम, तासाला तीनशे रुपये. दुसऱ्या कुणी हाच उद्योग काढला तर माझे पैसे जिथं गेले तिथंच त्याचेही जाऊ नयेत, म्हणून लिहून ठेवतोय.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

बहिणी यायच्या आत वरचं कव्हर काढून बसलो. टॅपेट कितीही जुळवले तरी टकटक जात नव्हती, त्याचं कारण दिसलं. रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्या दांडीवर डुलतात ती, वरून बोट फिरवलं तर गुळगुळीत, खालून फिरवलं तर नख अडकतं. रॉकरचं एक टोक पुशरॉड वर ढकलतो, दुसरं व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते, म्हणजे सगळा भार शाफ्टच्या पोटावर. दोन रॉकरांच्या मधे जिथं काहीच घासत नाही तिथलं माप मूळ माप धरलं. सर्वांत वाईट जागी झीज ११० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). पूर्वी कुणीतरी रॉकरच्या भोकात बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, मारलेत, तेही अंडाकार झालेत. व्हॉल्व्ह आपापल्या गाइडमध्ये, म्हणजे ते ज्या नळीत वरखाली होतात तिच्यात, डुलतात, सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर निघतो तो त्यामुळेच.

गेल्या वर्षी साडेअकराशे रुपये देऊन एक नवा शाफ्ट मागवला होता. कुठून ते सांगत नाही. त्याच्या टोकाला कानस लावली तर भाकरीच्या पिठात बोट जावं तशी गेली. तो कपाटातच आहे.

काय करायचं नाही हेही आजच ठरवलं. व्हॉल्व्ह, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि पिस्टन पिन घरी करायचे नाहीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं पोलाद वेगळंच असतं, लालभडक तापूनही ताकद टिकवणारं, आणि ते मीटरभर कुणी कापून देत नाही. शिवाय शाफ्ट झिजला तर आवाज येतो, पण रॉडचा बोल्ट तुटला तर ब्लॉकला खिडकी पडते. तेव्हा फक्त शाफ्ट, बुश आणि गाइड. जमलं तर हेडवरचा पाण्याचा ॲल्युमिनियमचा एल्बो, तो बोअरच्या पाण्यानं खाल्लाय.

१० नोव्हेंबर

गाइडसाठी बीड हवं. मिरज रस्त्यावरच्या भंगारात गुऱ्हाळाच्या जुन्या चरकाचा फुटका लाट (ऊस पिळणारा रूळ) पडलेला दिसला. एवढं जाड, जुनं, चांगलं बीड पाहून डोळे फिरले. भंगारवाल्या चाचांनी घणानं एक ढलपा पाडून दिला, दोनशे रुपये. ‘कशाला पायजे?’ म्हणाले. मोटारीला, म्हटलं. ‘मोटारीला चरक?’ म्हणून हसले. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर

शाफ्टसाठी ईएन ८ नावाचं पोलाद घ्यायचं ठरवलं. कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, लेथवर नीट चालतं, सगळीकडे मिळतं. वजनाचा हिशेब सोपा आहे: गोल बारचा व्यास मिमीत घ्या, वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरला किलो निघतात. २५ मिमीला ३.८६ किलो. एक मीटर घेतला, ८२ रुपये किलोनं ३१६ रुपये झाले.

दुकानात दोन प्रकारे खात्री करून घेतली असं मला वाटलं. एक म्हणजे बारच्या टोकाचा रंग. तो रंग प्रत्येक व्यापाऱ्याचा वेगळा असतो हे मला नंतर कळलं. दुसरं, त्यांच्याकडे पिस्तुलासारखं मशीन होतं, बारला टेकवलं की पडद्यावर आकडे येतात. मँगनीज ०.७ दाखवलं. ईएन ८ मध्ये ०.६ ते १.० असतं, म्हणजे बरोबर, म्हणून मी खूश. घरी येऊन ग्राइंडरवर ठिणग्याही पाहिल्या, भर दुपारी, उन्हात.

टेस्ट सर्टिफिकेट मागितलं नाही. एका मीटरला कोण देतंय, असं मीच धरून चाललो.

२४ नोव्हेंबर

बुधवारी मतदानाची सुट्टी होती, मामांची शेड बंद. आज चरकाचा ढलपा चकमध्ये धरला. वरची कातडी काचेसारखी कडक, दोन टूल गेली. आत गेल्यावर बीड एकदम मऊ, आणि रंग राखाडीऐवजी काळपट. भोक पाडून रीमर फिरवला तर आतल्या अंगाला बारीक बारीक खड्डे, जणू वाळवीनं खाल्लंय.

मामांनी तुकडा खिडकीपाशी नेला. ‘ह्यो लाट ओतला तवा गार व्हायला दीस गेला आसंल. येवढं जाड बीड सावकाश गार झालं की आतला ग्राफाइट जाडजूड हुतोय. चरकाला चालतंय. तुझ्या गाइडची भिंत किती? तीन मिमी. त्यात ह्ये खड्डं.’

दोनशे रुपये आणि पाच तास गेले. बीड चांगलं की वाईट हे किती जाडीत ओतलंय त्यावर असतं, एवढं आज कळलं.

१ डिसेंबर

शाफ्ट पोकळ आहे, आतून तेल जातं आणि प्रत्येक रॉकरखालच्या भोकातून बुशला मिळतं. म्हणजे बारमधून आरपार लांब भोक पाडायचं. ८ मिमीचं लांब ड्रिल दोन्ही टोकांकडून मारलं. दर दहा मिमीला बाहेर काढून चिप साफ करावी लागते. एकदा आळस केला तर ड्रिल आत आवळलं, काढता काढता अर्धा तास गेला. मधे दोन्ही भोकं भेटली तेव्हा साधारण अर्ध्या मिमीची पायरी पडली. तेलाला काय फरक पडतो, सोडून दिलं. आडवी भोकं जुन्या शाफ्टवर होती त्याच बाजूला, तेवढ्याच अंतरावर. त्यांच्या कडा तेलदगडानं मोडल्या, नाहीतर त्या बुशला खरवडतात.

बुशला फॉस्फर ब्राँझ, २५ मिमीचा ३०० मिमी तुकडा, १.३ किलो, १,०५० रुपयांनी १,३६५. इथं सांगलीत विहिरीच्या मोटारी भरणाऱ्यांकडे तयार ब्राँझचे बुश ढिगानं मिळतात आणि स्वस्त पडतात. पण ते बहुतेक शिशाचं ब्राँझ असतं. मला वाटलं इंजिनाला ‘भारी’ माल हवा, म्हणून ते घेतले नाहीत. या वाक्याकडे पुन्हा येईन.

२२ डिसेंबर

बसवलं. शाफ्ट आणि बुशमध्ये ३० मायक्रॉन फट. गाइड अजून जुनेच. आवाज शिवणयंत्रासारखा. वडील खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि इंजिन बंदच करू देईनात.

१९ जानेवारी २०२५

६४० किलोमीटर झाले. औदुंबरला दोन फेऱ्या, बाकी गावात. परवा टकटक परत सुरू झाली. उघडलं तर नव्या शाफ्टच्या पोटावर चमकत्या रेघा, दुसऱ्या आणि सातव्या रॉकरखाली ६० मायक्रॉन झीज. बुश मात्र जवळजवळ तसेच. त्यांच्या आतल्या अंगाला राखाडी ठिपके, शाफ्टचंच लोखंड त्यात रुतलेलं.

मामांना फोन केला. म्हणाले, ‘उरलेला बार घिऊन ये.’

शेडमध्ये त्यांनी बारचा करंगळीएवढा काप काढला, गॅसवर लाल केला, चुंबक धरेनासं झाल्यावर आणखी थोडा तापवून बादलीत टाकला. बाहेर काढून माझ्या हातात कानस दिली. कानस सरळ कापत गेली. मग ईएन ८ चा त्यांच्याकडचा खात्रीचा तुकडा तसाच तापवून टाकला, त्यावर कानस घसरली, नुसता चरचर आवाज.

‘पाणी दिऊन बगायचं हुतंस की. फुकट काम. तू मिशनच्या पिस्तुलाला भुललास.’

हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे आणि त्याला खर्च शून्य. तो न केल्यामुळे सात आठवडे गेले.

२४ जानेवारी

तरी मनाचं समाधान म्हणून उरलेल्या बारचा २५ मिमीचा चकतीएवढा तुकडा प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोला, म्हणजे घटक मोजायच्या तपासणीला दिला, पाचशे रुपये. कार्बन ०.१७, मँगनीज ०.६८. साधं मऊ लोखंड, पाणी देऊनही कडक न होणारं. दुकानातलं पिस्तूल क्ष-किरणांवर चालतं, त्याला कार्बन दिसतच नाही. ईएन ८ आणि साध्या लोखंडात मुख्य फरक कार्बनचाच, बाकी मँगनीज दोन्हीत तेवढंच असू शकतं. म्हणजे ते यंत्र खरं बोललं, मला विचारायचा प्रश्नच कळला नव्हता. स्टेनलेस कुठलं, मिश्रधातूत निकेल आहे का, हे ते छान सांगतं. कार्बनसाठी ठिणगीचा स्पेक्ट्रोच लागतो.

व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं ‘काळ्या बारच्या ढिगात मिसळलं असेल’ म्हणून पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत. पावतीवर त्यानं नुसतं ‘राउंड बार’ लिहिलेलं, मीच वाचलं नव्हतं.

आता ब्राँझचं. फॉस्फर ब्राँझ कडक असतं आणि त्याला कडकच जोडीदार लागतो. मऊ शाफ्टवर ते शाफ्टलाच खातं. शिशाचं ब्राँझ मऊ शाफ्टला सांभाळून घेतं, म्हणून विहिरीच्या मोटारीत तेच असतं. म्हणजे मी ‘भारी’ बुश आणि हलका शाफ्ट अशी नेमकी उलटी सोयरीक जुळवली. बार खरंच ईएन ८ असता तरी कडक न करता या बुशखाली फार टिकला नसता, असं मामा म्हणाले. मला पटलं.

दोन रस्ते होते. शिशाचे बुश करून शाफ्ट मऊच ठेवायचा, किंवा बुश हेच ठेवून शाफ्ट कडक करायचा. रॉकर थोडासाच फिरून परत येतो, तेलाची फिल्म नीट धरत नाही, भार ठोक्यानं पडतो. दुसरा रस्ता घेतला.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर मोटरसायकलनं कोल्हापूर. अंकलीपासून हातकणंगल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या, पन्नास किलोमीटरला दोन तास. शिरोलीत ओळखीनं एक गोडाऊन उघडून घेतलं. तिथले आण्णा पहिलाच प्रश्न विचारते झाले: ‘हार्डनिंग कुठलं करणार? ते आधी सांगा, मग माल सांगतो.’ सांगलीत कुणी हे विचारलं नव्हतं, आणि मीही.

त्यांच्याशी बोलून पर्याय गाळले. ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद, आरपार कडक होतं, पण पोकळ शाफ्टला आडवी भोकं असताना तेलात बुडवताना भोकाशी तडा जायची भीती. खरं ईएन ८ घेऊन इंडक्शननं, म्हणजे विजेनं फक्त वरचा थर तापवून, कडक केलं तरी चालतं, पण एका नगासाठी आठ जागांचं सेटिंग कोण करून देणार. ईएन ३५३ उत्तम, पण त्यात निकेल, भाव जास्त आणि माझ्या कामाला गरज नाही. उरलं २० एमएनसीआर ५. कार्बन ०.२ च्या आसपास, मँगनीज आणि क्रोमियम सव्वा टक्क्याच्या घरात. आतून चिवट राहतं आणि भट्टीत वरच्या कातडीत कार्बन भरून ती कडक करता येते. म्हणजे कमी कार्बनचं लोखंडच पुन्हा घेतोय, पण या वेळी मुद्दाम.

२५ मिमी, दीड मीटर, ५.८ किलो, ११० रुपयांनी ६३८. सर्टिफिकेटची झेरॉक्स घेतली आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, बारच्या टोकावरच्या ठशाशी ताडून पाहिला. तरीही घरी आल्यावर चकती कापून स्पेक्ट्रोला दिली. आणखी पाचशे. दुधानं तोंड पोळलंय.

९ फेब्रुवारी

दुसरा शाफ्ट तयार करून केस हार्डनिंगला, म्हणजे ती कातडी कडक करायला, दिला. एका नगालाही किमान आकार आठशे रुपये.

१३ फेब्रुवारी

परत आला तो केळीसारखा वाकून. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, मधे २२० मायक्रॉन. ग्राइंडिंगला मी व्यासावर फक्त २०० मायक्रॉन माल सोडला होता, म्हणजे एका बाजूला शंभरच. वाक निघणारच नाही. प्रेसखाली सरळ करायला गेलो, ‘टक्’ असा आवाज झाला आणि तिसऱ्या भोकापाशी केसाएवढी रेघ. शिवाय टोकाच्या प्लगच्या आट्यांवर कार्बन बसू नये म्हणून लेप लावायचा असतो, तो मी सांगायला विसरलो. आटे काचेसारखे झाले, साफ करताना टॅप आतच मोडला.

म्हणजे एकाच शाफ्टवर तीन चुका. भट्टीवाल्याची चूक एकही नाही, मी त्याला नुसता नग दिला होता, माप आणि सूचना दिल्या नव्हत्या.

१६ फेब्रुवारी

चिडून शाफ्टला हात लावला नाही. पाण्याचा एल्बो ओतायला घेतला. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे घरात पडले होते, ते वितळवून ओतले. कोपऱ्यात चीर, आणि फ्लँजमध्ये चाळण. त्या सेक्शनमध्ये सिलिकॉन नाममात्र असतं, साच्यात धावत नाही आणि आकसताना फाटतं. मग गॅरेजमधून चार जुने पिस्टन आणले. पिस्टनच्या मिश्रणात सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पाण्यासारखं धावलं. पिस्टन आधी उन्हात आणि मग भट्टीच्या कडेला नीट वाळवून घ्या, पिन आणि सर्क्लिप काढा. ओला तुकडा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये पडला तर तोंडावर उडतो. पाणी दाबून तपासलं, एका जागी घाम येतो. तूर्त चालवतोय.

२३ फेब्रुवारी

तिसरा शाफ्ट. व्यासावर ४०० मायक्रॉन माल सोडला, केस, म्हणजे कडक कातडी, एक मिमी मागितली, म्हणजे दोन्हीकडून दोनशे घासूनही आठशे उरावी. भट्टीवाल्याला कागदावर लिहून दिलं: टोपलीत आडवा ठेवू नका, उभा टांगा, आट्यांना लेप. या वेळी वाक ७० मायक्रॉन. सिलिंड्रिकल ग्राइंडिंग सहाशे रुपये. कडकपणा ५९ एचआरसी (रॉकवेल मापात) आला. टोकाला कानस फिरवली, काचेवरून सरकावी तशी गेली.

बुशही नवे केले, कारण जुन्यांत लोखंड रुतलं होतं. पुन्हा १,३६५.

९ मार्च

गाइड. एका छोट्या फाउंड्रीतून एफजी २६० प्रतीच्या बिडाचा ३० मिमीचा ओतीव बार घेतला. यातले २६० म्हणजे किमान ताणशक्ती, मेगापास्कलमध्ये. याहून बारीक बार नका मागू, असं त्यांनीच सांगितलं, बारीक ओतलं की लवकर गार होऊन पांढरं, कडक बीड होतं. म्हणजे चरकाच्या उलट रोग. ६०० मिमी, तीन किलो, ४२७ रुपये. वरून दर बाजूला तीन मिमी उतरवलं की आत एकसारखा राखाडी रंग. कोरडंच कापायचं, पाणी-तेल नको. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा.

बसवताना हिशेब केला. सोपं जावं म्हणून भोक १४ मिमी धरू. गाइड भोकापेक्षा ४० मायक्रॉन मोठा ठेवला, कारण इंजिन तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं आणि पकड ढिली होते. हेड १०० अंशांपर्यंत तापवलं की भोक सुमारे २३ मायक्रॉन उघडतं, गाइड फ्रीझरमध्ये ठेवला की ७ मायक्रॉन आकसतो. उरले दहा, ते हलक्या हातोडीनं जातात. गॅसच्या ज्योतीवर हेड तापवलं तर एका बाजूनं तापून वाकेल. म्हणून शेजारच्या केटररकडून भाताचं मोठं पातेलं आणलं आणि हेड उकळत्या पाण्यात बुडवलं. पाणी शंभराच्या वर जात नाही, आणि सगळीकडून सारखं तापतं. गाइड आदल्या रात्रीपासून आईच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. आई म्हणाली, ‘त्या पातेल्यात परत भात शिजणार असेल तर त्या लग्नाला मी जाणार नाही.’ दोनदा सोडा घालून घासून परत केलं.

आठपैकी सात सरळ बसले. आठवा मी वाकडा धरला, अर्ध्यात अडकला, काढताना फुटला. एक जादा केला होता म्हणून निभावलं.

३० मार्च, गुढीपाडवा

जोडून स्टार्ट केली. धूर नाही.

खर्च: पहिला बार ३१६, ब्राँझ दोनदा मिळून २,७३०, स्पेक्ट्रो १,०००, नवा बार ६३८, भट्टी १,६००, ग्राइंडिंग ६००, बीड ४२७ आणि चरक २००, लेथचे चौदा तास ४,२००, हेड गॅस्केट संच ९५०, कोल्हापूरच्या दोन फेऱ्या ५००. एकूण १३,१६१. त्यातले साडेचार हजार निव्वळ चुकांचे. नीट पाहिलं तर धातू सगळ्यात स्वस्त, मजुरी आणि पुन्हा करणं महाग.

१ जून

१,१०० किलोमीटरनंतर कव्हर काढलं. शाफ्टच्या पोटावर नख अडकत नाही. मायक्रोमीटरला दुसऱ्या आणि सातव्या रॉकरखाली ग्राइंडिंगनंतर लिहून ठेवलेलंच माप येतं. बुशचा रंग एकसारखा पिवळा. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट गाइड किंचित सैल वाटतो, तो रीमर मारताना माझा हात हलला होता. एल्बो अजून घाम गाळतो, त्याला एपॉक्सी लावलं. पावसाळ्याआधी शेडचा पत्रा बदलायचाय, पहिल्या मऊ बारचं उरलेलं टोक त्याच्या कडीला वापरतोय.